आम्ही कंपनीची माणसं नव्हतो

तीन महिने आम्ही नवरा-बायको गाडीत राहून आलो. घराचं कुलूप उघडायच्या आत शेजारणीनं विचारलं काय, तर "संडासाचं काय करत होता गं?" म्हटलं, बादली आणि लाकडाचा भुसा. झालं समाधान? पण नाही, जो भेटेल त्याला हेच पाहिजे. धाकट्या जावेनं विचारलं, किराणा दुकानदारानं विचारलं, दवाखान्यात सुई टोचता टोचता बाईनं विचारलं. कुठं गेला, कोण भेटलं, काय झालं, हे एकानंही विचारू नये? म्हणून म्हटलं, आता न विचारताच सांगते. एक गोष्ट माझ्या पोटात अजून खदखदतेय, ती बाहेर काढल्याशिवाय मला जेवण गोड लागायचं नाही.

आधी गाडीचं सांगते. आमच्या ह्यांचं धाराशिवात वेल्डिंगचं शेड. सगळा जन्म गेट, ग्रिल, शटर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करण्यात गेला. मी घरात शिलाई मशीनवर. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, लग्नसराईत तर घास गिळायला फुरसत नाही. जिल्ह्यातल्या निम्म्या दारांना ह्यांचं लोखंड आणि निम्म्या बायकांना माझं शिवण, पण जिल्हा आम्ही बघितला कुठं? घरापासून शेड आणि शेडपासून घर. शेवटी शेड थोरल्याच्या ताब्यात दिलं, तेव्हा ह्यांनी एक जुनी पिकअप घेतली आणि तिच्या हौद्यात बसेल असा अँगलचा आणि पत्र्याचा खोका बांधायला काढला.

खोक्याची खुबी छतात. मोटारीच्या डिकीला असतात तसले गॅसचे दांडे चारी कोपऱ्यांना लावलेले. खालून रेटा दिला की छत अडीच हात वर जातं, आणि मधल्या जागेत मी शिवलेल्या जाड कापडाच्या भिंती ताठ उभ्या राहतात. आत माणूस सरळ उभा राहून भाकरी थापू शकतो. छत खाली ओढलं, चार कड्या लावल्या, की गाडी रस्त्याला. त्या कापडापायी माझ्या मशीनच्या किती सुया मोडल्या ते माझं मला माहीत. पोरगा म्हणाला, "आई, एवढं घरदार असताना पालावर राहणार का तुम्ही? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना मी सांगेन काय म्हणायचं ते, तू शेड सांभाळ.

छतावर सोलरची पाटी, आत बॅटरी, पाण्याचे कॅन, गॅसची शेगडी आणि ती सगळ्यांची लाडकी बादली. कुणाच्या घरातून वायर मागायची नाही, कुणाच्या नळाला पाइप लावायचा नाही. आठ आठ दिवस गावाचं तोंड बघितलं नाही तरी चालायचं. फक्त आभाळ आलं की सोलर मान टाकायचं. त्यावर ह्यांनी आणखी एक उद्योग केला. भंगारातल्या मोटारीला पत्र्याची तीन पाती लावून एक पंखा केला आणि तो लांब पाइपच्या टोकावर चढवला. मुक्काम पडला की पाइप उभा करायचा, वारा आला की पंखा फिरणार आणि बॅटरीत थेंब थेंब वीज पडणार. त्या थेंबांचं ह्यांना कोण कौतुक! रोज सकाळी कानटोपी घालून पंख्याखाली उभं राहायचं आणि वहीत लिहायचं, वारा कसा होता आणि बॅटरी किती भरली. मी म्हणायची, अहो, एवढं लक्ष माझ्याकडं दिलं असतं तर सोन्याच्या बांगड्या झाल्या असत्या.

दिवाळी उरकून निघालो. परंड्याला किल्ल्याच्या मागच्या अंगाला आठवडाभर राहिलो, तेरला नदीकाठी पंधरा दिवस. तिथं एक म्हातारेबुवा रोज यायचे आणि म्हणायचे, "तेवढं छत वर-खाली करून दावा की." हे बिचारे रोज दाखवायचे. असं करत करत संक्रांत झाल्यावर आम्ही बेंबळीच्या पुढं एका आडवळणाला लागलो. गावाचं नाव मी सांगणार नाही. सगळं गाव तसं नसणार, एका माणसापायी अख्ख्या गावाला बट्टा कशाला लावू.

गावाबाहेर एक पाझर तलाव होता. तलावाच्या वर तूर काढून मोकळं केलेलं रान आणि रानाच्या कडेला पडीक तुकडा. पडीक म्हणून आम्ही गाडी तिथं लावली, छत वर केलं, पाइप उभा केला. आमच्या आधी तुरीच्या रानात एक मेंढरांचा कळप उतरलेला होता. एक म्हातारी, तिचा लेक, सून, एक घोडं, दोन कुत्री आणि शंभरेक मेंढरं. मी चहा ठेवते न ठेवते तोच म्हातारी आली आणि माझी कापडाची भिंत चिमटीत धरून बघायला लागली. वयानं माझ्याएवढीच असेल, पण उन्हानं करपून म्हातारी दिसत होती.

"कुनी शिवलं ह्ये?"

"मी."

"झ्याक हाय. पर ह्या कोपऱ्याला दुहेरी टीप मार, बाई. वारं हितनंच फाडतंय पाल."

आता मला शिवणातलं शिकवणारी अजून जन्माला यायची आहे, असं मला वाटायचं. पण बोट लावून बघते तर खरंच तिथली शिवण उसवत आलेली! मी सुई-दोरा घेऊन बसले आणि ती माझ्याशेजारी बसली. मग तिनं मला तिची कोकरं दाखवायला नेलं. मोठ्या टोपल्याखाली सात कोकरं, दोन दिवसांत जन्मलेली. अंगावरचे केस अजून चिकटलेले आणि पाय असे की उभं राहिलं की बसलंच. मी एकाला उचललं तर माझं बोटच चोखायला लागलं.

ती म्हणाली, "मालकानं चार रात्री मेंढरं बसवा म्हनलंय." आमच्याकडं ही जुनी रीत आहे. रात्री मेंढरं रानात कोंडायची, त्यांच्या लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, दुसरं खत घालायला नको. बदल्यात मालक मेंढपाळाला ज्वारी देतो. कुठं कागद नाही की सही नाही, तोंडच्या शब्दावर सगळं. "चार दिस ह्यास्नी हलवायचं न्हाय बघ," म्हातारी म्हणाली. "तवर पायात बळ येतंय. आत्ता ह्या गारठ्यात वाटंला लावली तर मरत्यात. घोडं एकच हाय, त्याच्यावर समदा संसार. कोकरं किती लादायची त्याच्यावर?" मी म्हटलं, चार दिवस आम्हीपण इथंच आहोत, काही लागलं तर हाक मारा.

संध्याकाळी रानाचा मालक मोटरसायकलवर आला. आम्ही ज्या पडीक तुकड्यावर होतो तोही त्याचाच. मला वाटलं, आता हाकलणार. पण त्यानं आधी गाडीकडं बघितलं, मग वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघितलं, मग ह्यांच्या हातातल्या वहीकडं. आणि एकदम आवाज मऊ.

"सायेब, किती दिस मुक्काम?"

"चारेक दिवस थांबावं म्हणतो. वारा बरा आहे इथं," हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून दिवसाकाठी दहा वाक्यं निघतात, त्यातलं एक हे.

"बरा हाय ना? बरा हाय ना वारा?" त्याचा चेहरा असा फुलला की मला कळेना, वाऱ्याचं ह्याला एवढं काय. "खुशाल राव्हा सायेब. आपलंच रान समजा."

लगेच चरवी भरून दूध आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला, तोही कपबशीतून, ट्रेवर. दुपारी त्याची बायको स्वतः भाकरी, वांग्याची भाजी आणि तिळाची चटणी घेऊन आली. मी ह्यांना म्हणते, बघा, शहरात शेजारी साखर देत नाही आणि इथं किती माणुसकी! डोंबलाची माणुसकी. जाता जाता ती बाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "म्याडम, पवनचक्की आमच्याच रानात बसवा हं. खालच्या अंगाला आमचं भाऊबंद हायेत, त्यांनी बोलावलं तरी तिकडं जाऊ नगा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात डोंगरा-डोंगरावर पवनचक्क्या झाल्यात. रस्त्यानं त्यांची लांबलचक पाती घेऊन गाड्या जातात आणि माणसं जेवण सोडून बघायला येतात. काही गावं त्यांच्या विरोधात बसलीत, काही गावं वाट बघत बसलीत. आपल्या रानात चक्की उभी राहिली की नशीब उघडलं, असं ह्या मालकाच्या डोक्यात पक्कं. आणि कंपनीची माणसं आधी वारा मोजायला येतात, हेही त्याला ठाऊक. आता आमचा पंखा, आमची वही आणि वारा बरा आहे म्हणणारे आमचे हे! भंगारातल्या तीन पात्यांवर तो माणूस आम्हाला कंपनीचे साहेब समजून बसला होता.

मी हसून हसून ह्यांना सांगितलं. हे हसले नाहीत. म्हणाले, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांग."

"सांगते की. पण उद्या त्यांनी हुरडा ठेवलाय आपल्यासाठी. हुरडा खाऊ आणि मग सांगू."

आता खरं तेच सांगते, लपवून काय करू? मला बरं वाटत होतं. सगळं आयुष्य मी "ए टेलरबाई, ब्लाउज कधी देणार?" एवढंच ऐकलं. बायका पुढ्यात ब्लाउज फेकून "काखेत घट्ट झालंय" म्हणणार आणि मी मान खाली घालून टीप उसवणार. इथं कुणीतरी "म्याडम" म्हणत होतं आणि ट्रेमधून चहा देत होतं. दोन दिवस म्याडम झाले तर कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटलं. माझ्या त्या वाटण्याला आग लागो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या दुसऱ्या रानात हुरड्याला गेलो. गोवऱ्यांची आगटी, कोवळी कणसं, गूळ, शेंगदाण्याची चटणी. आम्हाला बसायला खुर्च्या आणि बाकी सगळे खाली. मालक सारखा पुढं पुढं. "सायेब, काय तरास तर न्हाय ना? मेंढरांचा वास येतोय का?"

हे काही बोलायच्या आत, तोंडात हुरडा असताना, मीच हसत म्हटलं, "मेंढरं म्हटल्यावर वास यायचाच की!"

एवढंच. मी सहज बोलले. मालकानं मान डोलावली, मोबाईल काढला आणि जरा लांब जाऊन बोलून आला. मी चटणी मागून घेतली.

चारच्या सुमाराला परत आलो तर तुरीचं रान मोकळं. कळप तलावाच्या पलीकडच्या वाटेला लागलेला, धुळीत पुढं घोडं दिसत होतं. म्हातारी एकटी मागं राहून वाघरीचे, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीचे, खुंटे उपटत होती. मी धावतच गेले.

"अहो, काय झालं? चार रात्री म्हणाला होतात ना?"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मालकानं मानूस धाडला. आत्ताच्या आत्ता रान मोकळं करा म्हनला. सायबास्नी वास येतोय म्हनं."

साहेब म्हणजे आमचे हे! ज्यांना गॅस गळत असला तरी वास येत नाही ते! आणि वास काढला कुणी, तर मी. मी म्हटलं, थांबा, मी आत्ता बोलते त्याच्याशी, तुम्ही जाऊ नका. ती म्हणाली, "मेंढरं गेली फुडं. दूध पेनारी पिल्लं हायेत, आयांच्या मागंच न्यायला लागत्यात. मी थांबून काय करू?" खुंटे खांद्यावर टाकले आणि गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच, चप्पल घातली की नाही तेही आठवत नाही, परत हुरड्याच्या रानात गेले. मालक आणि चार-पाच जण अजून आगटीभोवती बसलेले.

"त्या मेंढपाळांना का हाकललं?"

"आवो म्याडम, तुमच्यासाठीच केलं की. तुमीच म्हनलाव वास येतो."

"वास येतो म्हटलं, हाकला कुठं म्हटलं? चार रात्रींची जबान दिली होती ना तुम्ही? सात कोकरं आहेत त्यांची, पायावर धड उभी राहत नाहीत. ह्या गारठ्यात मेली म्हणजे? काळीज आहे की दगड?"

"मेंढरं काय, पुन्ना येतील. तुमी कशाला तरास करून घेता? बसा, गरम हुरडा..."

त्या गरम हुरड्यानं माझं टाळकं फिरलं. "अहो, कसली म्याडम घेऊन बसलाय! आम्ही कंपनीची माणसं नाही. हे वेल्डर आहेत आणि मी टेलर. धाराशिवात राहतो. तो पंखा भंगारातून केलाय. आमच्या हातून तुम्हाला चक्की नाही आणि चक्कीचा खिळाही नाही!"

आगटीपलीकडचा एकजण फिसकन हसला, त्याचं बघून दुसरा हसला. मालकाचा चेहरा कसा झाला म्हणून सांगू! भाऊबंदांना हे आता संध्याकाळपर्यंत कळणार, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं.

"मग दोन दिस तोंडाला कुलूप व्हतं का?" तो म्हणाला. "आमचं दूध पेलाव, भाकरी खाल्ल्याव, हुरडा खाल्लाव. तवा न्हाय आठवलं टेलर हाव म्हनून?"

खरंच होतं. पण मीही माघार घेणारी नाही. म्हटलं, "माझं चुकलं. पदर पसरून माफी मागते. पण आधी माणूस पाठवा आणि त्यांना परत बोलवा."

"रान माझं हाय. मेंढरं बसवीन, न्हायतर मोकळं ठेवीन. तुमी कोन सांगनार? आन तुमी बी गाडी काढा तिथनं."

परवा "आपलंच रान समजा" म्हणणारं तेच तोंड. पंखा कंपनीचा असेपर्यंत आम्ही देवमाणसं, आणि पंखा भंगारातला निघाल्यावर आम्ही भुरटे. आणि ज्यांच्या मेंढरांनी दोन रात्री त्याचं रान खतवलं त्यांना तर कुत्रंही विचारत नाही. घर असलेल्या माणसानं पालात राहिलं की ती मौज, आणि घर नसलेल्यानं राहिलं की वास! अरे, तुमच्या ज्वारीच्या ताटाला बळ कुठून येतं रे? त्याच लेंड्यांतून येतं ना? मी हे सगळं तिथं ओरडून बोलले. त्यातलं किती त्यांनी ऐकलं ते देव जाणे. हसण्याचा आवाज मात्र मला बांधापर्यंत ऐकू येत होता.

छत ओढलं, कड्या लावल्या, पाइप आडवा करून टपावर बांधला आणि निघालो. गाडी वाटेला लागल्यावर हे हळूच म्हणाले, "आधी मेंढरं परत बोलवून घ्यायची होती. मग खरं सांगायचं."

"म्हणजे?"

"तो तुला म्याडम समजत होता ना? मेंढरं इथंच पाहिजेत म्हणून नुसतं सांगितलं असतंस, तर त्यानं स्वतः धावत जाऊन आणली असती."

मी ह्यांच्यावर अशी भडकले की विचारू नका. म्हटलं, कालपासून मला खरं सांग, खरं सांग म्हणत होता, आता खोटं बोलायचं होतं म्हणता? तुमच्या जिभेला हाड आहे का? हे गाडी चालवत राहिले. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि मला कळत होतं की हे म्हणतायत ते बरोबर आहे. खरं सांगायची वेळ होती तेव्हा मी हुरड्यासाठी गप्प बसले, आणि गप्प बसायची वेळ आली तेव्हा माझा राग आवरला नाही.

कळप दीड-दोन कोसांवर गाठला. वारा समोरून येत होता, डोळ्यांत माती. तीन कोकरं घोड्यावर झोळीत, दोन सुनेच्या काखेत, एक लेकाच्या खांद्यावर, एक म्हातारीच्या पदरात. मी उतरले आणि म्हटलं, सगळी गाडीत द्या. लेक नको म्हणत होता, माझ्याकडं बघायचीही त्याची इच्छा नव्हती. म्हातारीनं मात्र पदरातलं कोकरू पुढं केलं. "घे. ह्याचं काय खरं न्हाय," ती म्हणाली.

आमच्या अंथरुणावर सातही कोकरं ठेवली, वरून माझी गोधडी घातली. म्हातारी आणि मी दोघी मागं बसलो. छत खाली असल्यानं मान वाकवून बसावं लागत होतं. हे कळपाच्या मागं, मेंढरांच्या चालीनं गाडी नेत होते. म्हातारीनं दिलेलं कोकरू मी मांडीवर घेतलं, स्वेटरच्या आत धरलं. त्याच्या तोंडात बोट घातलं तर ते चोखेना. आतून तोंड गार लागत होतं.

दिवस कलायला लागला तेव्हा पुढच्या गावाची शिव आली. एक मोकळं रान दिसलं, कडेला विहीर, मालक बैल सोडत होता. म्हातारीचा लेक पुढं गेला, हात जोडून म्हणाला, "मालक, चार रात्री मेंढरं बसवू द्या. दाणं बी नगं आमास्नी. बारकी पिल्लं हायेत, लई गारठलीत."

"नगं," मालक म्हणाला. "गेल्या साली तुमच्यासारख्यांची मेंढरं माझ्या हरभऱ्यात घुसली. फुडं जावा."

"आमची घुसनार न्हायती, मालक. निदान आजची रात..."

"नगं म्हनलं की."

मी मागची फळी पाडून खाली पाय टाकून बसले, कोकरू मांडीवर. मालकाची नजर गाडीकडं वळली आणि टपावर बांधलेल्या पाइपवर आणि पंख्यावर जाऊन थांबली. तो जवळ आला.

"तुमी... पवनचक्कीच्या कंपनीचे का?"

हे पुढं सीटवर बसून माझ्याकडं आरशातून बघत होते. मी म्हटलं, "हो."

"आमच्या शिवारात येनार हाय का?"

"बघायचंय. वारा मोजावा लागतो. चार दिवस राहू इथं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना, असा अधिकारी आवाज. "पण मेंढरं बसलेल्या रानातच मोजतो आम्ही. मेंढरं नसली तर पुढच्या रानात जावं लागेल."

"आवो, मग बसू द्या की मेंढरं!" तो लगेच वळला आणि म्हातारीच्या लेकाला म्हणाला, "आरं, हुबा काय ऱ्हायलास? आन की हिकडं. विहिरीचं पानी घे. पोरीला सांगतो, कडबा आनून टाकल."

बघा म्हणजे! हात जोडले, पिल्लं गारठलीत म्हणून सांगितलं, दाणे नको म्हणाला, तर त्याला किंमत शून्य. मी एक धडधडीत खोटं बोलले, त्यात ना शेंडा ना बुडखा, मेंढरांत वारा मोजतात म्हणे, आणि रानही मिळालं, पाणीही मिळालं, कडबाही मिळाला. मला त्या माणसाची चीड आली, आधीच्याची आली, ज्या पंख्यापुढं ही माणसं वाकतात त्या पंख्याची आली. पण त्यातही मला जरा ऐट वाटली, हे कबूल करते. काम तर झालं! लेक आणि सून भराभरा वाघर लावत होते. मी म्हातारीकडं वळले, ती काहीतरी चांगलं बोलेल म्हणून.

तिनं माझ्या स्वेटरमध्ये हात घालून कोकरू बाहेर काढलं. त्याची मान एकीकडं कलली. तिनं त्याच्या नाकापुढं गाल धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग त्याला पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलं.

"बाई," ती म्हणाली, आवाजात राग नव्हता, "बोलता येतंय की तुला. मग ह्ये तिथं का न्हाय बोललीस?"

आणि ती बाकीची सहा कोकरं एकेक करून लेकाच्या हातात द्यायला लागली. कळपातनं एक मेंढी मागं फिरून आली होती. ती गाडीच्या फळीला नाक लावून, माझ्या गुडघ्यांपाशी, ओरडायला लागली.